आरोंदेकरांच्या दोन बायका

बंगळूरला चामराजपेटेतल्या वठारात मी राहायला आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या खोलीतले आरोंदेकर माझ्या दारात उभे राहिले आणि त्यांनी मला एक अर्ज दिला. फुलस्केप कागद, डाव्या बाजूला दुमडून पाडलेला समास आणि वर ठळक अक्षरात 'विषय : सकाळी नळावर पहिला क्रमांक मिळणेबाबत.' खाली मुद्दे होते. अर्जदार सरकारी कारखान्यात नोकरीस असून कारखान्याची बस उजाडताच येते. नवीन भाडेकरू विद्यार्थी असल्याने त्यास उशिरा आंघोळ केली तरी चालण्यासारखे आहे. तरी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा. शेवटी 'आपला विश्वासू' आणि सही.

मी निपाणीजवळच्या खेड्यातून आलेला. वडील तंबाखूच्या वखारीत हमाली करायचे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नव्हतं. शहरात नळासाठी अर्जच करत असतील असं मला खरोखर वाटलं. मी कागद दोन्ही हातांनी घेतला आणि बरं म्हणालो.

"नुसतं बरं नको," आरोंदेकर म्हणाले. "पोच द्या."

त्यांनी अर्जाची दुसरी प्रत पुढं केली. मी तिच्यावर सही केली, तारीख घातली. त्यांनी सही उजेडाकडं धरून पाहिली, फुंकर घातली आणि माझं अक्षर चांगलं आहे असा शेरा मारला. त्या शेऱ्याचा परिणाम मला पुढं चार वर्षं भोगावा लागला.

आमचं वठार म्हणजे मधे अंगण आणि भोवती आठ खोल्या. मालकीण गिरिजक्का. त्यांना मराठी येत नव्हतं आणि आरोंदेकरांना कानडी कामापुरतंच यायचं, पण दोघांचं रोज संध्याकाळी न चुकता एक संभाषण होई. आरोंदेकर कामावरून येऊन पायताण काढत असताना गिरिजक्का तुळशीपाशी दिवा लावता लावता विचारायच्या, "बंद्रा?" म्हणजे, आल्या का? आरोंदेकर म्हणायचे, "स्वल्प तडीरी." जरा थांबा. मग आमच्याकडं वळून मराठीत पुरवणी जोडायचे, "कागद वर गेलाय."

हा कागद कुठला आणि वर म्हणजे कुठं, हे मला कळायला आठवडा लागला. तोपर्यंत मी त्यांना वेडसर समजत होतो. कळल्यावरही मत फारसं बदललं नाही, पण कारण कळलं.

गोष्ट अशी होती. आरोंदेकर मूळचे तेरेखोलच्या खाडीच्या अलीकडचे. त्यांची बायको पलीकडची, पेडण्याच्या बाजूची. खाडीच्या एका काठावर आपलं राज्य आणि दुसऱ्या काठावर पोर्तुगालचं, ही गोष्ट तिथल्या लोकांनी कधी मनावर घेतली नव्हती. आरोंदेकरांचं वऱ्हाड होडीतून गेलं होतं आणि नवरी घेऊन होडीतूनच परत आलं होतं. लग्नानंतर त्यांनी तिला बंगळूरला आणलं. पुढं दिवस गेले, आणि पहिलं बाळंतपण माहेरी करायचं या रीतीला धरून तिचा भाऊ तिला घेऊन गेला. ती तिकडं पोचली, आणि इकडं दोन्ही सरकारांचं बिनसलं. सरहद्द बंद झाली. गाड्या थांबल्या. मुलगी झाल्याचं पत्र आरोंदेकरांना आलं तेव्हा ती बसायला लागली होती.

तेव्हापासून त्यांचा अर्ज चालू होता. बायकोनं नवऱ्याच्या घरी यायचं तर आपल्या सरकारचा परवाना हवा, आणि तिनं तिथून निघायचं तर त्यांच्या सरकारचा. दोन्ही सरकारं एकमेकांशी बोलत नव्हती, म्हणून मधे कुठल्या तरी तिसऱ्याच देशाची वकिलात होती. आरोंदेकरांच्या गावात उभं राहिलं की सासरवाडीचा कोंबडा ऐकू येई म्हणे, पण त्यांचा कागद बंगळूरहून दिल्लीला, दिल्लीहून समुद्रापार, आणि तिथून उलटा पेडण्याला जायचा. जाताना वाटेत कुठं तरी विश्रांती घ्यायचा.

अशा माणसाला अर्जाची सवय लागली तर नवल नाही. पण आरोंदेकरांची ती नुसती सवय उरली नव्हती, तो स्वभाव झाला होता. ते कारखान्यात स्टोअरला होते. तिथं चिठ्ठीशिवाय खिळासुद्धा देत नसत, हे मी समजू शकत होतो. पण ते हॉटेलात बाय-टू कॉफी मागवायचे, अर्धी मला द्यायचे आणि वेटरला सांगायचे की कॉफी मिळाली असं मालकाला कळव. शेजाऱ्याच्या मुलाचं बारसं असलं तर आमंत्रण मिळाल्याचं लेखी कळवायचे. गिरिजक्कांनी त्यांना एकदा लिंबाच्या लोणच्याची कृती सांगितली, तिच्या त्यांनी तीन प्रती केल्या. एक स्वतःला, एक गिरिजक्कांना आणि एक 'असू द्या' म्हणून मला.

माणसं ओळखण्याची त्यांची एकच कसोटी होती. हा गॅझेटेड आहे का? दाखल्याच्या नकलेवर सही करून ती खरी ठरवण्याचा अधिकार ज्याला आहे, तो माणूस. बाकीची माणसं म्हणजे गर्दी. एखाद्या लग्नात सगळे जेवणाकडं बघत असताना आरोंदेकर व्याह्यांच्या कोटाकडं बघत असायचे. मल्लेश्वरमपासून बसवनगुडीपर्यंत कुठला साहेब कुठं राहतो, कुणाला सकाळी भेटावं, कुणाला जेवणानंतर, कुणाची बायको दारातूनच परत पाठवते, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांचा सगळ्यात आवडता साहेब म्हणजे सरकारी गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर. गाई-म्हशींना नकला लागत नाहीत, त्यामुळं त्यांचा शिक्का कायम मोकळा असे. आरोंदेकरांच्या बहुतेक कागदांवर त्यांचीच सही होती. एकदा वरून विचारणा आली की अर्जदाराची पत्नी निरोगी व सुस्वभावी असल्याचे पशुवैद्यकीय अधिकारी कोणत्या आधारे प्रमाणित करीत आहेत. याचा खुलासा लिहायला आम्हा दोघांना अख्खा रविवार लागला.

आम्हा दोघांना म्हणायचं कारण, मजकूर त्यांचा आणि अक्षर माझं. मला ते बीएस्सी म्हणायचे. मी पहिल्या वर्षाला असल्यापासून. मी एकदा संकोचून सांगितलं की अजून झालो नाही. "होणार आहात ना?" ते म्हणाले. "मग कागद वर गेलाय म्हणायचं."

वठारातल्या इतरांना मात्र या अर्जांचा कंटाळा आला होता. समोरच्या खोलीतला टायपिस्ट एकदा चेष्टेनं म्हणाला की एवढं कशाला करता, तिकडून रोज होड्या येतात, एखाद्या होडीवाल्याला गाठा, एका रात्रीत काम होईल. त्या काळात गोव्याहून काय काय येतं हे सगळ्यांना माहीत होतं. आरोंदेकर ताडकन उभे राहिले.

"माझी बायको आहे ती. स्विस घड्याळ नाही, पोटाला बांधून आणायला."

टायपिस्ट हसला, आम्हीही हसलो. आरोंदेकर हसले नाहीत. खाडीवर रात्री गोळ्या चालतात, हे त्यांनी नंतर मला सांगितलं, आणि लहान मूल घेतलेली बाई होडीत वाकू शकत नाही, हेही.

या सगळ्या प्रकरणाला खरी खीळ बसली ती मात्र कुठल्या सरकारमुळं नव्हे, आपल्याच एका रीतीमुळं.

तिकडच्या दप्तरात आरोंदेकरांच्या बायकोचं नाव होतं शेवंती. आरोंदेकरांच्या आईचंही नाव शेवंती. सासू-सुनेचं एक नाव घरात कसं चालेल, म्हणून लग्नात त्यांनी रीतीप्रमाणं ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवं नाव लिहिलं, वसुधा. साखर वाटली. झालं. तेव्हा कुणालाही वाटलं नाही की यात काही चुकतं आहे. पुढं त्यांनी इकडं अर्ज केला तो सौभाग्यवती वसुधाला आणण्यासाठी, आणि तिकडं तिनं अर्ज केला तो शेवंती या नावानं. दोन्ही अर्ज कधी तरी एका टेबलावर आले. आणि त्या टेबलानं लिहिलं की अर्जदारास हवी असलेली स्त्री त्या प्रदेशात राहत नाही, आणि त्या प्रदेशातून येऊ इच्छिणारी स्त्री अर्जदाराची पत्नी नाही.

आरोंदेकरांनी हे मला वाचून दाखवलं तेव्हा मला हसू आवरलं नाही. ते रागावले नाहीत. कागदाची घडी घालत म्हणाले, "बीएस्सी, त्यांचं बरोबर आहे हो. मी साहेब असतो तर मीही हेच लिहिलं असतं." सरकारवर एवढी श्रद्धा असलेला माणूस मी नंतर पाहिला नाही.

बायकोचं पत्र आलं. तिची पत्रं फिरून फिरून, उघडून पुन्हा चिकटवलेली अशी येत. या पत्रातली एक ओळ त्यांनी मला वाचायला दिली, कारण ती काय म्हणते आहे हे त्यांना नीटसं उमगलं नव्हतं. तिनं लिहिलं होतं, 'आम्ही दोघीही यायला तयार आहोत. जिचा कागद आधी होईल ती पुढं येईल, दुसरी मागाहून येईल. तुम्हांला दोघींचा खर्च झेपेल की नाही तेवढं कळवा.' आरोंदेकर चिंतेत पडले होते की हे पत्र वाटेत उघडून वाचणाऱ्यानं खरं मानलं तर काय. मला मात्र त्या दिवशी प्रथमच वाटलं की पलीकडं कुणी तरी माणूस आहे, आणि मजेदार आहे.

दोघी एकच आहेत हे सिद्ध करायचं तर नाव बदलल्याचा पुरावा हवा. भटजी वारले होते. ताट धरणारी आत्या अंगठेबहाद्दर. आणि तांदळाचं काय झालं, असं कचेरीनं विचारलं नव्हतं, पण विचारलं असतं तर ते दुसऱ्या दिवशी शिजवले होते असंच सांगावं लागलं असतं. नळासाठी पोच घेणाऱ्या माणसानं आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट पोच न घेता केली होती.

इकडच्या कचेरीतले साहेब म्हैसूरकडचे, वयस्क, कपाळाला गंध लावणारे, मनानं चांगले होते. पण त्यांच्यात लग्नात मुलीचं नाव बदलत नाहीत. त्यांना काही केल्या समजेना की आईबापांनी ठेवलेलं नाव एका संध्याकाळी तांदळात कसं जातं. आरोंदेकर म्हणाले की आज्ञा झाली तर प्रत्यक्ष दाखवतो.

आज्ञा झाली. ठरल्या दिवशी आम्ही गिरिजक्कांचं पितळी ताट आणि पिशवीत तांदूळ घेऊन कचेरीत गेलो. मी कॉलेज बुडवलं होतं, कारण ताट कुणी तरी धरायला हवं होतं. गिरिजक्कांनी तांदूळ डोशांचे दिले होते, जाड आणि बसके. आरोंदेकर मला वाटेत म्हणाले की विधीला असले चालत नाहीत, पण पुराव्याला चालतील.

साहेबांच्या टेबलावर ताट ठेवलं. आसपासच्या टेबलांवरचे कारकून उठून आले. आरोंदेकरांनी बोटातली अंगठी काढली, तांदूळ सारखे केले आणि 'वसुधा' लिहिलं. साहेबांना देवनागरी वाचता येईना. त्यांनी इंग्रजीत लिहायला सांगितलं. इंग्रजीतली वसुधा लांब असते. ताट पुरलं नाही, शेवटचं अक्षर काठावरून साहेबांच्या फायलीत सांडलं.

साहेब वाकून बघत होते. त्यांनी विचारलं की हे लिहिताना ती मुलगी कुठं असते. शेजारीच, आरोंदेकर म्हणाले. तिला विचारून लिहितात का? आरोंदेकर अंगठी हातात धरून थांबले. "विचारायची रीत नाही, सर," ते शेवटी म्हणाले.

तेवढ्यात साहेबांना उकडतंय असं वाटून शिपायानं अदबीनं पंखा लावला.

वसुधा कचेरीभर झाली. दाव्यांच्या फायलींत, शाईच्या दौतींत, एका कारकुनाच्या कॉलरमध्ये. आरोंदेकर 'पुरावा, पुरावा' म्हणत टेबलाखाली शिरले. साहेबांनी चष्मा पुसला, कागद पुढं ओढला आणि माझ्या समजुतीप्रमाणं सरकारच्या इतिहासातला सगळ्यात समंजस शेरा लिहिला. माझ्यासमोर करून दाखवले. पाहिले. दोन नावे, बाई एक.

यानंतर काम होईल असं कुणालाही वाटेल. झालंही. आपल्याकडचा परवाना आला, 'शेवंती ऊर्फ वसुधा' अशा नावानं, जे पोलिसांच्या यादीतल्यासारखं दिसतं म्हणून आरोंदेकर दोन दिवस जेवले नाहीत. पण परवान्याला मुदत असते. तो आला तेव्हा तिकडचा आला नव्हता. तिकडचा आला तेव्हा इकडचा संपला होता. इकडचा वाढवून मिळाला तेव्हा तिकडचा संपला होता. दोन्ही कागद एका वेळी जिवंत असे कधी नव्हतेच. आणि मधल्या काळात मुलीचं वय वाढून तिला आईच्या कागदावर येता येईना, तिचा वेगळा अर्ज करावा लागला. त्यात एक रकाना होता, 'अर्जदाराचे मुलीशी नाते.' त्यापुढं मी सुवाच्य अक्षरात 'वडील' लिहिलं. खाली सूचना होती की नात्याचा पुरावा जोडावा. आरोंदेकर बराच वेळ त्या सूचनेकडं बघत बसले. मग म्हणाले की गुरांच्या डॉक्टरांकडं जाऊन येतो.

मी शेवटच्या वर्षाला होतो. डिसेंबर महिना होता. एके दिवशी फौजा गोव्यात शिरल्या आणि दोन-तीन दिवसांत सरहद्दच उरली नाही. वठारात कुणाच्या तरी रेडिओभोवती सगळे जमले. गिरिजक्कांना बातमी समजावून सांगावी लागली, पण समजल्यावर त्यांनी आठही खोल्यांना पुरेल एवढा शेवयांचा पायस केला. टायपिस्टानं आरोंदेकरांना मिठी मारली. आरोंदेकरांनी सगळ्यांचं अभिनंदन स्वीकारलं, पायस खाल्ला आणि खोलीत गेले.

आम्हाला वाटलं, ते दुसऱ्याच दिवशी रजा टाकून निघतील. ते कचेरीत गेले. आपल्या अर्जाचं आता काय, असं त्यांनी विचारलं. नवा कारकून होता. तो म्हणाला की अर्ज विचाराधीन आहे. परदेशातून येण्याचा अर्ज आहे आणि तो आता परदेश नाही, त्यामुळं मंजूर करता येत नाही. आणि नामंजूर करायचंही कारण नाही. वरून आदेश येईपर्यंत, नाळे बन्नी. उद्या या.

आरोंदेकर परत आले ते जवळजवळ समाधानी दिसत होते. गिरिजक्कांनी दारातच विचारलं, "बंद्रा?" त्यांनी उत्तर दिलं, "स्वल्प तडीरी." गिरिजक्का दिवा हातात धरून त्यांच्याकडं बघतच राहिल्या.

संक्रांत झाली. बायकोचं पत्र आलं, या वेळी चार दिवसांत, न उघडलेलं. ते त्यांनी मला दाखवलं नाही, पण खिशातून डोकावत होतं. आठवडा गेला, त्यांनी उत्तर लिहायला मला बोलावलं नाही. शेवटी मला राहवलं नाही. ते माझ्याहून वयानं मोठे, असं विचारणं बरं दिसत नव्हतं. रविवारी सकाळी हॉटेलात अर्धी अर्धी कॉफी समोर असताना मी विचारलं की वहिनींनी काय लिहिलंय.

त्यांनी पत्र काढून दिलं. एकच ओळ होती. 'आता कुणाचा कागद हवा आहे?'

आरोंदेकरांनी कॉफीचा पेला दोन्ही हातांत धरला होता.

"बीएस्सी, लग्न झाल्यावर ती माझ्यापाशी वर्षभरही नव्हती. त्यात मला रात्रपाळ्या. उंची पाच फूट एक इंच, वर्ण गव्हाळ, ओळखीची खूण उजव्या भुवईवर जुना व्रण. हे मला पाठ आहे. एवढ्या वेळा लिहिलंय की डोळे मिटले की हेच दिसतं. लिहिलेलंच दिसतं. चेहरा येत नाही."

मी विचारलं की फोटो असेल ना. लग्नातला एकच होता. पहिल्याच अर्जाला मूळ प्रत जोडा असं सांगितलं होतं. घाईत जोडला. तो अर्जाबरोबर वर गेला, तो गेलाच. तिनं म्हापशाला जाऊन दुसरा काढून पाठवला होता, त्यातलं पाकीट पोचलं, फोटो नाही.

मग त्यांनी अशी गोष्ट सांगितली जी वठारात कुणालाच माहीत नव्हती. मधे एकदा ते रजा काढून गावी गेले होते. तिला आधी कळवलं होतं. ठरल्या वेळी ते खाडीच्या या काठावर उभे राहिले, ती त्या काठावर. पाणी भरतीचं होतं आणि ऊन डोळ्यांवर. हिरवं लुगडं दिसलं आणि कडेवर काही तरी. तिनं त्या काही तरीचा हात धरून हलवला. यांनी छत्री हलवली. मग पोलीस आला आणि इथं उभं राहायचं नाही म्हणाला.

"तोंड नाही दिसलं," आरोंदेकर म्हणाले. "आता ती स्टेशनावर उतरेल आणि मी दुसऱ्याच बाईकडं बघत राहीन. तिला काय वाटेल? एवढी वर्षं हा माझ्यासाठी भांडला, आणि मी समोर आले तर ओळखलं नाही."

मला कॉलेजात चार वर्षं बरंच शिकवलं होतं, त्यातलं काही कामाला येईना. मी एवढंच म्हणालो की त्या तुम्हाला ओळखतील. "तेव्हा मला केस होते," ते म्हणाले. मग मी म्हणालो की मी बरोबर येतो. याचा उपयोग काय होता, मला माहीत नाही. मी तर तिला कधीच पाहिलं नव्हतं. पण त्यांना ते पटलं. त्यांनी हॉटेलाच्या गल्ल्यावरून पोस्टकार्ड घेतलं, तिथल्याच काळ्या शाईच्या टाकानं स्वतः दोन ओळी लिहिल्या आणि बाहेरच्या पेटीत टाकलं. नक्कल ठेवली नाही.

भावानं तिला लोंढ्याला गाडीत बसवून दिलं होतं. गाडी सकाळी आली. आरोंदेकर इस्त्रीचा कोट घालून आले होते आणि त्यांनी गुळगुळीत दाढी केली होती, हनुवटीवर कापलं होतं. बायकांच्या डब्यासमोर उभे राहू असं त्यांनी ठरवलं होतं, पण गर्दी उतरली तशी ते माझ्या दंडाला धरून मागं सरकले. मुलगी बरोबर असलेल्या बायका काही कमी नव्हत्या. आरोंदेकर प्रत्येकीच्या उजव्या भुवईकडं बघायला लागले. एका बाईकडं ते इतकं वाकून बघू लागले की तिचा नवरा हमालाला सोडून आमच्याकडं यायला निघाला. मी त्यांना ओढून बाजूला घेतलं.

तेव्हा मागून कुणी तरी हसलं.

पत्र्याच्या ट्रंकेवर एक बाई बसली होती. शांतपणे, पदर खोचून, जणू ती बराच वेळ आमची गंमत बघत होती. तिच्या गुडघ्याला टेकून सहा वर्षांची मुलगी उभी होती. बाई उठली. आरोंदेकर तिच्या भुवईकडं बघत होते आणि त्यांचा चेहरा पडत चालला होता, कारण उजव्या भुवईवर काही नव्हतं.

"डावीवर आहे," ती म्हणाली. "उजवी तुमच्या बाजूनं. समोर बसून बघत होता ना तुम्ही."

आरोंदेकरांनी तोंड उघडलं. चार वर्षं मी त्या तोंडातून मजकूर उतरवून घेत होतो. त्यांनी ट्रंक उचलायला हात घातला, पुन्हा ठेवली, आणि प्रवास कसा झाला असं मला विचारलं.

वहिनींनी मुलीला हलकेच पुढं ढकललं. "सांग गो, हे कोण?"

मुलीनं वर पाहिलं. मग शाळेत कविता म्हणायला उभं राहतात तशी ती ताठ उभी राहिली, हात बाजूला सरळ सोडले आणि एका दमात म्हणाली, "श्रीयुत मोरेश्वर सखाराम आरोंदेकर, गिरिजक्कांचे वठार, मारुतीच्या देवळामागे, चामराजपेट, बंगळूर शहर."

वहिनी जराशा ओशाळल्या. पाकिटांवरूनच ती अक्षरं शिकली, त्या म्हणाल्या. बाबा म्हणून दाखवायला दुसरं काही नव्हतं.

आरोंदेकर प्लॅटफॉर्मवर खाली बसले, इस्त्रीच्या कोटासकट. आता त्यांचं तोंड मुलीच्या तोंडासमोर आलं होतं.

"बरोबर," ते म्हणाले. "तोच मी."

मुलीनं त्यांच्याकडं नीट पाहून घेतलं. टक्कल, कोट, हनुवटीवरचं रक्त. मग तिनं आपला हात त्यांच्या खांद्यावर ठेवला, कुणी उचलून घ्यावं म्हणून ठेवतात तसा.

"मग चला ना तिथं," ती म्हणाली.